वाल्मिकची जागा

४ डिसेंबर
नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या अलीकडच्या चौकात आज हजर झाले. पहिली नोकरी! कडेला पत्र्याची केबिन, आत स्क्रीन. खांबावरच्या कॅमेऱ्याने रस्त्याचा कुठला भाग बघायचा, ते माऊसने चौकट आखून सांगायचं. चौकटीत भरधाव गाडी शिरली की ती पार होईपर्यंत सिग्नल हिरवाच राहतो. समोर भीमाबाईंचं चहाचं दुकान. "मेहविश व्हय? लई ग्वाड नाव," म्हणाल्या. अम्मीला फोनवर सगळं सांगितलं.

९ डिसेंबर
इथे सगळे वाल्मिकचं नाव घेतात. माझ्या आधी हे काम करणारा, भीमाबाईंचा मुलगा. गेल्या हंगामात कॅमेऱ्याची काच पुसताना शिडीवरून पडून गेला. वाईट वाटायला हवं. पण उसाची ट्रॉली जरा अडली की ड्रायव्हर ऐकवतो, वाल्मिक असता तर थांबावं लागलं नसतं. गेलेल्या माणसाला मागे कसं टाकायचं? आज त्याच्या सगळ्या चौकटी पुसल्या आणि माझ्या आखल्या. बरं वाटलं.

१० डिसेंबर
सकाळी त्याच्या चौकटी परत जागेवर! पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. पुन्हा पुसल्या. भीतीपेक्षा रागच जास्त आला.

१५ डिसेंबर
त्यानंतर एकही गाडी अडली नाही. "वाल्मिकपरीस तुजं काम चांगलं हाय, पोरी," भीमाबाई म्हणाल्या. हेच ऐकायचं होतं मला! थंडी होती, त्यांनी त्याचा स्वेटर माझ्या अंगावर घातला. केबिनमध्ये परतले तर कॅमेरा रस्त्याकडे नव्हता. दुकानाकडे वळला होता.

१७ डिसेंबर
कॅमेरा सरळ केला, नट घट्ट आवळले. दुपारी पुन्हा वळलेला— केबिनकडे. स्क्रीनवर खिडकीतली मी. माझ्याभोवती चौकट. मी आखलेली नाही.
हा जळफळाट मला चांगला ओळखू येतो.

१८ डिसेंबर
स्वेटर परत दिला. वाल्मिकच माझ्याहून हुशार होता, असं मुद्दाम मोठ्याने सांगितलं. भीमाबाई हसल्या. "न्हाई गं. आता तूच माजी लेक."
कॅमेऱ्याखालीच म्हणाल्या.

१८, दुपार
दार उघडत नाही. बाहेरून कुणीतरी धरून—
फोन लागत नाही. खिडकीवर हात आपटले. भीमाबाईंनी पाहिलं. दुकान टाकून निघाल्या. माझ्याकडे बघत नाहीत, खांबाकडे हात जोडून ओरडताहेत— वाल्मिक, सोड तिला—
चारही बाजूंना हिरवा. उसाचा ट्रक—
भीमाबाई, थांबा, रस्त्यात येऊ—