चांदीची मिरची

वाहाका, गुरुवार

प्रिय ओब्दुलिया,

आठवतं, शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून आपण पेरू खायचो? मदर पुरिफिकासिओन सांगायच्या, गिळलेली प्रत्येक बी थेट अपेंडिक्समध्ये जाऊन बसते. मी बी न् बी शोधून थुंकायचे. तू खुशाल गिळायचीस आणि म्हणायचीस, "ताई, माझ्या पोटात बाग झाली की तुला एक पेरू देणार नाही." पुढे तुझं अपेंडिक्स काढलं आणि मदरनी ते बरणीत घालून वर्गावर्गातून फिरवलं. मला तुझा काय हेवा वाटला होता!

माझं अजून शाबूत आहे, आणि आता ते कामाला लागणार आहे. उजव्या किडनीकडून खाली येणारी नळी खड्यांनी खरवडून मधेच आवळून गेलीय. सध्या पाठीतून रबरी नळी बाहेर काढून लघवीची पिशवी लटकवलीय. ती मी शालीखाली लपवते, तर शेजारच्या एउलालियाबाईंना वाटतं, मी मेस्काल दारूची बाटली घेऊन चर्चला जाते. डॉक्टर मोंतिएल नळीचा खराब तुकडा कापून त्या जागी अपेंडिक्स जोडणार आहेत. मी म्हटलं, "अहो, ते तर आमच्या फुल्हेन्सिओमामासारखं! जन्मभर कोपऱ्यात लोळायचं, आणि उठलंच तर घर डोक्यावर घ्यायचं." ते हसले. "मामांची लांबी तर छान दिसतेय, बाई. पण ते कामाचे आहेत का, हे पोट उघडल्यावरच कळेल." आणि नसले तर? ते चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "तर बहुधा किडनी जाईल."

म्हणून सोलेदादमातेला नवस बोलले आणि तिच्यापुढे टांगायला चांदीचा अवयव आणायला तिबुर्सिओ सोनाराकडे गेले. त्याच्याकडे पाय होते, डोळे होते, हृदयं होती, गाढवसुद्धा होतं. अपेंडिक्स नव्हतं. मी चित्र काढून दिलं. ते उलटसुलट करून तो म्हणाला, "ही तर मिरची! मिरचीवाल्यांचा साचा आहे माझ्याकडे."

"अरे मेल्या, माता माझं पोट सोडून मिरचीचं पीक वाचवेल!"

"तिला कळतं हो. मागे एकाने गुडघ्याऐवजी गाढव टांगलं होतं."

"मग, गुडघा बरा झाला?"

"नाही. पण गाढव काय धावतं!"

घेऊन आले मिरची.

आता खरं सांगते. शस्त्रक्रिया उद्या सकाळी आहे, आणि हे पत्र मी हॉस्पिटलच्या वाटेवर टाकणार आहे, म्हणजे तुला मिळेल तोवर सगळं उरकलेलं असेल. मामा नालायक निघाला तर उजवी किडनी जाईल, आणि डावी तर तुझ्याकडे आहे. आधी कळलं असतं तर पहिल्या बसने येऊन, झगा वर करून म्हणाली असतीस, "ताई, घे परत." मी ओळखते तुला. शाळेत उसनी नेलेली रिबीनसुद्धा तू धुऊन, इस्त्री करून परत आणायचीस.

तेव्हा नीट ऐक. बरी झाले तर मिरची मीच टांगेन. नाही झाले तर तू टांग. मला नाही फळली तरी कुणाच्या तरी शेताला फळेल. पोपट एउलालियाबाईंना दे, दोघांना शिव्या सारख्याच येतात. आईचा पाटा तुझ्या सुनेला, तिला मिक्सर फार आवडतो म्हणून मुद्दाम. फुल्हेन्सिओमामाचा झोपाळा डॉक्टर मोंतिएलना, मामा कामाला लागला तरी आणि नाही लागला तरी. आणि किडनी तुझ्याकडेच राहू दे. पाणी भरपूर पीत जा.

तुझीच ताई,
फेलिसितास