दिव्यावरची वायर

उस्ताद,

परवा सकाळी मी तुमच्या मुलाच्या आधी गॅरेजवर गेलो. स्वतःच्याच किल्लीने शटर उघडलं, पण चोरासारखं, आवाज न करता. आपली जुनी जीप मशीनवर चढवली, पट्टे आवळले, चारही चाकांतली हवा मोजली. माझी पन्नास वर्षं तुमच्या गॅरेजात गेली, आणि तुमच्याच मुलाला पकडायला मी असा आलो होतो.

हे मशीन तुम्ही पाहिलं नाही. जमिनीत दोन फिरते रूळ बसवलेत. गाडीची चाकं त्यांवर फिरतात, गाडी जागीच पळते, आणि समोर पडद्यावर इंजिनाची ताकद आकड्यात येते. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलाने ते जुनं विकत आणलं तेव्हा वणीतले लोक बघायला यायचे. गाडी संध्याकाळी येते, आम्ही तिचा आकडा घेतो, मग तो रात्रीतून पंप, नोझल, फिल्टर करतो, सकाळी पुन्हा आकडा. दर वेळी तीन-चारने वाढलेला. कागद वाचून दाखवायचं काम माझं, कारण माझ्या पांढऱ्या केसांवर लोकांचा विश्वास आहे.

मग खाणीतल्या माणसांची ने-आण करणारा एक ड्रायव्हर परत आला. "काका, तुमच्या कागदावर पैलवान झाली, पन राजूरच्या चढावर तशीच रडून राह्यली." मी तुमच्या मुलाकडे पाहिलं. तो हसला. "काका, मशीन खोटं बोलते काय?" त्या हसण्यापासून माझं मन उठलं. तो पडद्याजवळ वाकला की मी त्याच्या बोटांकडे बघायचो. फोनवर हळू बोलला की कान द्यायचो. देवापुढे हात जोडतानाही मनात तेच, की बापाच्या नावावर हा लोकांना फसवतो आहे. या महिन्याअखेर गॅरेज सोडायचं मी ठरवूनही टाकलं होतं.

त्या दिवसांत मला तुमचा तो चढ फार आठवायचा. मी एका जीपचं काम करून खाणीच्या रस्त्यावर नेली होती, आणि उड्या मारत परत आलो, की गाडी कशी उचलते बघा. तुम्ही चहाचा कप खाली ठेवता. "काबे, जाताना सहा मानसं अन् सरकीची दोन पोती होती. ते कुठी गेले?" मी म्हणतो, उतरवले. "मंग तू गाडी मोजली का सोताची हौस? चढ तोच, भरती तीच, हवा तीच. जाय, बसव सगळ्याइले." भर उन्हात ती सहा माणसं मला शिव्या घालत पुन्हा जीपमध्ये बसली. गाडी अर्ध्या चढावर बसली.

म्हणून परवा मी काहीच बदललं नाही; कामाविना आकडा वाढला, तर त्याने मशीनमध्येच लबाडी केलीय हे कळणार होतं. पहिला आकडा आला अठ्ठावन्न. मग रोजच्यासारखा दिवा लावला, हात जोडले, आणि त्याच जीपला पुन्हा पळवलं. एकसष्ट. कोणी हात लावला नव्हता. तुमचा मुलगा अजून घरी झोपलेला होता.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान आकडा असतो, खोलीतल्या हवेच्या तापमानाचा. हवा तापली की इंजिन थोडं मंदावतं, म्हणून मशीन ती तूट आपल्या मनाने भरून देतं. आधी तिथे एकतीस अंश होते, आता साठ. आपल्या वणीच्या उन्हाळ्यातही कधी एवढं होत नाही. ते तापमान मोजणारी वायर शोधत नजर भिंतीवर गेली. देवाच्या फोटोच्या खिळ्याला ती टांगलेली, खाली वीतभर अंतरावर दिवा. टोक हाताला चटकलं. पायात येते म्हणून ती तिथे मीच अडकवली होती. संध्याकाळी दिवा विझलेला असतो, सकाळी पेटलेला. उस्ताद, रोजची ती तीन-चारची वाढ माझ्या दिव्याची होती.

मी वायर काढून दाराजवळ लावली आणि गप्प बसलो. कोणाला कळणार नव्हतं. दोन दिवस मी त्याच्या हातचा चहाही प्यायलो.

आज सकाळी सांगितलं. तो हातातला पाना पुसत राहिला. "म्हंजे इतके दिवस तुम्ही मले चोर समजून राह्यले होते?"

"हो," मी म्हणालो.

त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "बाबा असते तं तुम्हाले सरकीच्या पोत्यावर बसवून चढावर नेलं असतं." हसला नाही.

दुपारपर्यंत आम्ही सगळ्यांना फोन केले. गाड्या येतायत. खाणीची गाडी पहिली आली. तिची ताकद कणभरही वाढलेली नव्हती. तो कागद ड्रायव्हरला मीच वाचून दाखवला, आणि चूक कोणाची तेही. तुमचा मुलगा शेजारी उभा होता.

दिवा जागेवरच आहे. हे पत्र त्याच्यामागे ठेवतो. ते दोन दिवस मी गप्प का होतो, हे त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो: तो चोर निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.