अर्ध्या मणाचा बर्फ

केनवड
ता. १२ एप्रिल १९३९, बुधवार

प्रिय जगदेव,

आज सकाळी तुझी गोजराबाई आत्या कामरगावला सासरच्या लग्नाला गेली. तिला मोटरीत बसवून आलो. वरच्या वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, म्हणून गड्यांना दोन दिवस सुट्टी दिली आहे. दुपारी कालची भाजी-भाकरी खाल्ली आणि थोडा पडलो, पण झोप लागली नाही. घरात मी एकटाच आहे.

तुझे पत्र आणि ती रंगीत चोपडी येऊन आज अकरा दिवस झाले. उत्तर दिले नाही, कारण राग आला होता. तो अजूनही गेलेला नाही, पण आता उत्तर देणे भाग आहे. तू लिहितोस की अकोल्याच्या एजंटाकडे रॉकेलवर चालणारा रेफ्रिजरेटर आला आहे, आणि तुझ्या दुकानाची ओळख असल्यामुळे तो लगेच मिळेल. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाआधी तो आपल्या स्वयंपाकघरात बसवून द्यायचा तुझा विचार आहे. सोबत तीन बत्त्यांचा स्टोव्ह आणि पाणी गाळायचे यंत्र, सगळे एकाच रंगाचे, म्हणजे घर एकसारखे दिसेल. मी फक्त दोन गोष्टी कळवायच्या. मोठा की लहान, आणि पांढरा की सायीच्या रंगाचा.

मी ती चोपडी तीन वेळा वाचली. चित्रात एक बाई दार उघडून हसते आहे आणि आत दूध, फळे आणि एक अख्खा मासा ठेवला आहे. खाली लिहिले आहे की दूध पाच दिवस टिकते. पाच दिवस दूध ठेवायची पाळी या घरावर कधी आली होती? संध्याकाळी विरजण लागायचे, सकाळी ताक व्हायचे, आणि दहा वाजेपर्यंत तुझी आई दारात येईल त्याला ते वाटून मोकळी व्हायची. शिळे उरले तर तिला लाज वाटायची. तिच्या श्राद्धाला तू शिळे राखायचे कपाट पाठवतोस आणि रंग मला विचारतोस. तिच्या चुलीच्या शेजारी काय शोभून दिसेल ते मी एजंटाच्या चोपडीतून ठरवू काय?

तुझ्या आत्याला चित्र दाखवले. ती चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हे तं तिजोरी दिसते, दादा. अन् बुडाशी दिवा कायले लावला?" मी सांगितले, त्या दिव्याच्या धगीनेच वरचे कपाट थंड होते, असे लिहिले आहे. त्यावर ती म्हणाली, "मंग चुलीवर बसून पाह्य, तुले हिव भरते का ते. अकोल्यात राहून पोट्टा येडा झाला का आपल्याले येडं बनवून राह्यला?" मीही हसलो. वर्षभरात या घरात कोणी हसले असेल तर ते त्या दिवशी, आणि तेही तुला. मग ती म्हणाली, "तवा त्याची माय तापात होती, तवा मूठभर बर्फ धाडला. आता कपाट धाडते."

तेव्हा मी हसायचा थांबलो. चोपडी उचलून फडताळावर टाकली.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. "आता बर्फासाठी कुणाची वाट पाहायला नको." खरा राग मला त्या ओळीचा आला. तू ती सहज लिहिलीस की जाणूनबुजून, ते मला कळत नाही. तू कधी टोचून बोलणाऱ्यातला नव्हतास. पण ती ओळ वाचल्यापासून मी रोज मनात तुझ्याशी भांडतो आहे. वावरात जाताना भांडतो, जेवताना भांडतो. परवा भांडता भांडता नांगराच्या तासावरून बैल भलतीकडे नेले.

दहाव्याला काय झाले ते तुला मी सांगायला नको. सगळी सोयरी-धायरी मांडवात बसलेली होती. गोजराबाईने सगळ्यांसमोर हात नाचवून तुला विचारले, "काहून रे, जगदेव? डाक्टरनं सांगतलं होतं डोक्यावर दोन दिवस बर्फ ठेवा म्हणून. तुह्या बापानं तार केली. अन् तू नारयाएवढा गोटा धाडला? तिनं तुले नऊ महिने पोटात वागवलं, ते बी मोजूनच वागवलं का?" तू माझ्याकडे पाहिलेस. मी खाली पाहिले. तू ताटावरून उठलास आणि दुपारच्या मोटरीने गेलास. दसऱ्याला आला नाहीस, दिवाळीला नाही, संक्रांतीलाही नाही. लोक विचारतात, मी सांगतो दुकानात काम फार आहे.

चोपडी बाजूला टाकली तरी तो दिवा डोक्यातून जाईना. आगीने थंड कसे होईल? हे खोटे आहे, विकणाऱ्यांची बनवाबनवी आहे, असे मी चार दिवस स्वतःला सांगत होतो. पाचव्या दिवशी गोठ्यात बैलांसाठी कुटार भरताना मनात आले की असेच एकदा मला एक गोष्ट खोटी वाटली होती, आणि तेव्हाही मी अशाच खात्रीने मान हलवली होती.

ती गोष्ट आता लिहितो. तू पाठवलेला बर्फ घ्यायला मालेगावला मी एकटाच बैल जुंपून दमणी घेऊन गेलो होतो. मोटर सकाळी नऊच्या सुमारास आली. क्लीनरने पोते खाली दिले ते जड होते, दोघांनी मिळून दमणीत ठेवले. आत चांगली अर्ध्या मणाची लादी होती, कोपरेसुद्धा शाबूत. तिच्या चहूबाजूंनी ओला भुसा गच्च भरलेला होता. तो भुसा पाहून माझे पित्त खवळले. आपण आंबे पिकवायला कुटारात आढी घालतो ती कशासाठी? ऊब धरावी म्हणून. ओल्या कुटाराच्या ढिगात हात घातला तर चटका बसतो, हे माझ्या आज्याने मला दाखवले, मी तुला दाखवले. आणि तू, या घरचा मुलगा, तुझ्या आईचा बर्फ ओल्या भुशात घालून पाठवलास. मी तिथेच मोटरीच्या अड्ड्यावर सगळा भुसा काढून फेकला. लादी विहिरीच्या पाण्याने स्वच्छ धुतली, ओल्या धोतरात गुंडाळली, घंगाळात ठेवली आणि वर लिंबाचा पाला घातला. माठ जसा थंड ठेवतात तसा. वाटेत दोनदा विहिरीवर थांबून धोतरावर पुन्हा पाणी शिंपडले, थंडावा टिकावा म्हणून. वैशाखातले ऊन होते. मला वाटत होते, मी तुझी चूक सुधारतो आहे.

घरी पोचलो तेव्हा घंगाळात पाणी हिंदकळत होते आणि त्यात नारळाएवढा गोटा होता. तो तासभर तिच्या कपाळावर टिकला. तिने एकदा डोळे उघडले, म्हणाली, "बरं वाटते." तिसऱ्या दिवशी ती गेली. बर्फ आणला त्याच दिवशी गोजराबाईने मला विचारले होते की पोराने एवढाच धाडला का, आणि मी म्हणालो, एवढाच आला. हे दोनच शब्द मी बोललो. बाकीचे सगळे तिने आणि गावाने बोलून घेतले.

आणखी एक आहे. पोत्याच्या तोंडाला तुझी चिठ्ठी बांधलेली होती. भुसा काढू नये, पाणी लावू नये, वारा लागू देऊ नये. मी ती वाचली होती. मला वाचता येते, मी सातवी पास आहे. वाचून म्हणालो, काल अकोल्याला गेलेला पोरगा मला शिकवतो, आणि ती तिथेच टाकून दिली. तो बर्फ दोन दिवस पुरला असता तर तुझी आई वाचली असती का, हे मला माहीत नाही. डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही. पुढेही होणार नाही.

आता माझा राग तुझ्यावर कशाचा आहे ते ऐक. किती बर्फ दिला हे तुला माहीत होते. चिठ्ठी लिहिली हे तुला माहीत होते. मांडवात एक शब्द बोलला असतास तर मी तोंडावर पडलो असतो, आणि ते बरे झाले असते. तू बापाची अब्रू राखलीस. कोणी सांगितले होते तुला? एक वर्ष तू माझी चूक डोक्यावर घेऊन अकोल्यात बसलास आणि मला सुटायची वाट ठेवली नाहीस. मारले असतेस तर मी उलट मारले असते. गप्प बसणाऱ्याशी काय करायचे?

कपाट मला नको. ते चांगले असेल, दिव्याने थंडही होत असेल, मी आता कशालाच खोटे म्हणत नाही. तुझ्या घरी घे, पांढरे घे, मोठे घे. माझ्या हाताने ते दार उघडायचे नाही. स्टोव्ह मात्र आण, गोजराबाईचे डोळे धुराने अधू झाले आहेत. पाण्याचे यंत्र तुझ्या मर्जीवर.

पण वस्तू मागाहून आल्या तरी चालतील, तू आधी ये. तुझ्या आईचे वर्षश्राद्ध वैशाख वद्य पंचमीला आहे. तीच माणसे त्याच मांडवात बसतील, आणि पान वाढण्याआधी मी उभा राहून सगळे सांगणार आहे, चिठ्ठीसकट. तू बाजूला असला पाहिजेस आणि मध्ये पडून मला गप्प करायचे नाही. गोजराबाईला परवा ती आली की सांगेन. ती काय बोलेल ते मी ऐकून घेईन. हे पत्र मात्र उद्या सकाळीच मालेगावच्या पेटीत टाकतो, तिच्या येण्याआधी. मी माझ्या स्वभावाला ओळखतो. पुन्हा एकदा "एवढाच आला" म्हणून मोकळा होईन. तुझ्या हातात हा कागद असला म्हणजे तसे करता येणार नाही. त्यासाठीच लिहिला.

ऊन उतरले आहे. गडी नाहीत आणि बैलांना सकाळपासून पाणी नाही. विहिरीवर जातो आणि त्यांच्यापुरते शेंदून आणतो.

तुझाच बाप,
रामराव