कलम सात आणि माझी तटस्थता

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी साडेदहा, कार्यालय.
आजपासून रोजनिशी. पक्ष फुटायच्या बेतात आहे. पुढे कुणी विचारलं तर अचूक नोंद एकाच माणसाकडे असेल. शहर कार्यालय चिटणीस, म्हणजे मी.

वाद आरोग्य हक्क विधेयकावरून. त्यातलं कलम सात असं: अत्यवस्थ पेशंट दारात आला की कुठल्याही हॉस्पिटलने, खासगी असलं तरी, डिपॉझिट न मागता आधी उपचार सुरू करायचे. आमच्या आमदार वैजयंतीताई म्हणतात, कलम सात राहिलंच पाहिजे. शहराध्यक्ष डॉ. मानसिंगसाहेबांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. ते म्हणतात, कलम सात गेलंच पाहिजे. दोघंही एकाच पक्षात. सध्या तरी.

मी कुठल्याच बाजूला नाही. साहेबांच्या हॉस्पिटलात मी एकोणीस वर्षं कॅज्युअल्टीला सिस्टर होते, आणि ताईंच्या पहिल्या निवडणुकीत दिवसभर बूथवर बसले होते. दोन्हीकडे शब्दाला वजन असलेला असा माणूस शहरात दुसरा नाही. संकल्प: दसऱ्यापर्यंत ऐक्य घडवणे.

९ सप्टेंबर, मंगळवार.
कुणी आलं नाही. ताईंचा गट विडी कामगारांच्या हॉलमध्ये बसतो, साहेबांचा हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर. कार्यालयाला वादात ओढायचं नाही असं दोघांनी न बोलता ठरवलेलं दिसतं. आवडलं.

चार वाजता गौरम्मा आली. ही रोजची. विडी कामगार, साठीची, ताईंच्या गटातली. पानं-तंबाखूचं सूप घेऊन जिना चढते आणि सहापर्यंत दारापाशी बसून विड्या वळते. घरी एकटीला करमत नाही म्हणते. मीही एकटीच राहते, पण मला कार्यालयाचं काम असतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी तीन.
तोडगा सापडला. कलम सातमध्ये एकच शब्द घालायचा: शक्यतो. 'डिपॉझिट न मागता शक्यतो उपचार सुरू करावेत.' ताईंचं कलम राहतं, साहेबांना मोकळीक राहते. इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही, नवल आहे. दोन प्रती सुवाच्य अक्षरात काढल्या.

सव्वाचार. गौरम्माला वाचून दाखवलं. तिने विचारलं, शक्यतो म्हंजे करायचं का न्हाय करायचं? कायद्याची भाषा तिला जड जाते. समजावून सांगितलं. ती म्हणाली, व्हय, पण मानूस दारात आलाय की. मग?
विषय बदलला.

१५ सप्टेंबर, सोमवार.
साहेबांना फोन. त्यांचा पीए सतीश म्हणाला, साहेब ओटीत आहेत, मेसेज टाका. ताईंना फोन. त्यांचा पीए दिपक म्हणाला, ताई दौऱ्यावर आहेत, मेसेज टाका. दोन्ही गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मसुदा टाकला. साहेबांच्या ग्रुपमधून मला पावणेबाराला काढलं, ताईंच्या सव्वाबाराला. निदान माझ्या बाबतीत दोन्ही गटांचं एकमत आहे. ऐक्याची सुरुवात अशीच होते.

परवासाठी ऐक्य बैठक बोलावली. सगळ्यांना स्वतंत्र एसेमेस.

१७ सप्टेंबर, बुधवार.
खुर्च्या मांडल्या, चाळीस. फळ्यावर 'ऐक्य बैठक' लिहिलं. पाच ते सात वाट पाहिली. हजर: मी, गौरम्मा, आणि आधार कार्डावरचा पत्ता कुठं बदलतात विचारायला आलेले एक गृहस्थ. त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

आज पेठेत पाण्याचा दिवस होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाच दिवसांनी पाणी सुटल्यावर ऐक्यासाठी कोण येणार? गौरम्मा खुर्च्या आवरू लागली. म्हणाली, अक्का, येवढ्या खुर्च्या कशाला मांडल्या तुमी, दोनच पुरल्या असत्या की. ती मस्करी करत होती असं वाटतं.

२० सप्टेंबर, शनिवार.
महत्त्वाचं. विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला विधिमंडळाची समिती सव्वीस तारखेला सोलापुरात येतेय. ताईंनी साक्ष देणाऱ्यांच्या यादीत गौरम्माचं नाव घातलंय. ती नवऱ्याचं सांगणार. वीरभद्रप्पा. नऊ वर्षांपूर्वी छातीत कळ आली म्हणून तिने त्याला रिक्षातून आमच्या हॉस्पिटलात आणलं होतं. काउंटरवर डिपॉझिट मागितलं. ती पैसे आणायला गेली. परत येईपर्यंत तो रिक्षातच गेला.

गौरम्मा म्हणाली, अक्का, तुमी होता की तितं. रिक्षात वाकून त्यांचा हात धरला होता तुमी, रिक्षावाल्यानं सांगितलंय मला. आमी बोललं तर म्हन्तील, बाई रडतीया, पैशासाठी बोलतीया. सिस्टरचं ऐकत्यात. तुमी नुस्तं सांगा, मानूस जिता होता म्हनून.

मला न विचारता तिने यादीत माझं नाव दिलंय. मी म्हणाले, बघते.

२१ सप्टेंबर, रविवार. घरी.
विचार केला. साक्ष देणं म्हणजे बाजू घेणं. एकदा बाजू घेतली की दोन्हीकडचं वजन संपलं. मग ऐक्य कोण घडवणार? शिवाय नऊ वर्षांपूर्वीचं आता नीट आठवत नाही. समितीने नेमकी वेळ विचारली तर काय सांगणार? सकाळी आठ चाळीस. पण खात्रीने सांगता येणार नाही.

साहेबांचा याच्याशी काही संबंध नाही. रिटायर झाल्यावर त्यांनीच मला या कार्यालयात आणलं, ही गोष्ट वेगळी.

दुपारी झोप लागली नाही. बहुधा कडक भाकरीने.

२२ सप्टेंबर, सोमवार.
समितीला पत्र पाठवलं. 'पदाच्या तटस्थतेस्तव माझे नाव साक्षीदारांच्या यादीतून वगळावे.' प्रत माहितीसाठी साहेबांना आणि ताईंना. भाषा चांगली साधली आहे.

चार वाजता गौरम्माला सांगितलं की सुनावणी होईपर्यंत कुठल्याही गटाच्या माणसाने कार्यालयात बसणं बरं दिसत नाही. पत्राचं सांगायचं राहिलं. तिने विचारलं, सायबांच्या मानसांनाबी सांगितलं का? मी म्हणाले, ती माणसं आली की त्यांनाही सांगेन. तिने तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळली, सूप उचललं. बरं अक्का, म्हणाली. जिन्यावर तिला वेळ लागतो. गुडघे. खालपर्यंत आवाज येत होता.

२४ सप्टेंबर, बुधवार.
शांतता आहे. कामं भराभर उरकतात. चार वाजता खिडक्या पुसल्या. पाच वाजता पुन्हा पुसल्या. खालून बायका रूपाभवानीच्या दर्शनाला चालल्या होत्या, त्यांतली एक ओळखीची वाटली म्हणून हाक मारली. ओळखीची नव्हती. तिने हात जोडले, मीही जोडले. जनसंपर्क.

दारापाशी तंबाखूचा वास अजून आहे. पंखा फुल ठेवला. थोड्या वेळाने बंद केला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी सहा.
सुनावणी झाली. विश्रामगृहावर अकराला पोचले. दारावरच्या शिपायाने विचारलं, कुणाच्या बाजूने? म्हटलं, कुणाच्याच नाही. तर म्हणाला, मग मागं बसा. शेवटच्या रांगेत खांबाशेजारी जागा मिळाली. तिथून सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं.

साहेब वीस मिनिटं बोलले, स्लाइड दाखवून. मग ताई, त्याही वीस मिनिटं. मग गौरम्मा. नवं लुगडं नेसून आली होती. माइक तिच्या कपाळाच्या उंचीवर होता, कुणी खाली केला नाही. अर्धं मराठीत बोलली, अर्धं कानडीत. अध्यक्षांनी चांगल्या शब्दांत विचारलं, बाई, हॉस्पिटलच्या दारात आणलं तेव्हा तुमचे मिस्टर जिवंत होते, हे कुणी पाहिलं? ती म्हणाली, सिस्टरनं. अध्यक्षांनी विचारलं, सिस्टर आल्या आहेत का? समितीच्या कारकुनाने कागद चाळले आणि सांगितलं, त्यांचं पत्र आलंय, त्यांनी नाव मागे घेतलंय.

हे तिला माहीत नव्हतं. तिने वळून हॉलभर पाहिलं. माझ्यापाशी नजर थांबली.

अध्यक्षांनी नाव घेऊन विचारलं असतं तर मी उभी राहिले असते. त्यांनी नाव घेतलं नाही. सुनावणीत मधेच उठून बोलता येत नाही, तशी पद्धत असते. पुढचं नाव पुकारलं गेलं.

निघताना साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. सिस्टर, बरं केलंत, म्हणाले. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून बोलणं काढलं. कामाची दखल घेतली जातेय.

जेवण झालं नाही. उशीर झाला म्हणून.

३० सप्टेंबर, मंगळवार.
सुनावणी संपली, तेव्हा बंदीही संपली, हे गौरम्माला कळायला हवं. आली नाही. जिन्याच्या खाली कागद चिकटवला: 'कार्यालयात पूर्वीप्रमाणे बसण्यास हरकत नाही. चिटणीस.' तिला वाचता येत नाही हे नंतर लक्षात आलं. खालच्या भांड्यांच्या दुकानदाराने वाचलं आणि आपली दोन पोती वर आणून ठेवली. त्याला समजावावं लागलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
पेपरात बातमी: पक्षातले मतभेद मिटले. मुंबईत बैठक झाली. ताई आणि साहेब एकमेकांना पेढा भरवतायत असा फोटो. कलम सात राहणार, पण त्यात 'उपलब्ध सुविधेनुसार' असे शब्द येणार. बातमीत असंही आहे की समितीपुढे या कलमाच्या बाजूने प्रत्यक्ष पाहिलेला एकही साक्षीदार आला नाही, त्यामुळे ताईंच्या गटाला फार ताणून धरता आलं नाही.

'उपलब्ध सुविधेनुसार' म्हणजे माझाच शब्द, जरा लांबवून. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी का होईना, ऐक्य झालं. अभिनंदनाला फोन केले. सतीश म्हणाला, साहेब मुंबईत आहेत. दिपक म्हणाला, ताई मुंबईत आहेत. आता एकत्र असतील.

साक्षीदाराबद्दलची ओळ पुन्हा वाचली. पेपर घडी करून ठेवला.

चार वाजता जिन्यावर पावलं वाजली. दुकानदार.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
सतीश किल्ली मागायला आला. दोन्ही गटांचं मिळून नवं कार्यालय होणार, साहेबांच्या हॉस्पिटलशेजारी. ही जागा सोडायची. उद्या टेम्पो येणार. मी विचारलं, चिटणिसाचं टेबल तिथे कुठे ठेवणार? तो म्हणाला, नव्या कमिटीची यादी ग्रुपवर आलीय की. मी ग्रुपवर नाही, हे त्याला आठवलं. मग त्याने स्वतःच मोबाइलवर यादी पाहिली. बराच वेळ पाहिली. चांगला मुलगा आहे. म्हणाला, दुसरी यादी येईल बहुतेक.

त्याच्यापुढे किल्ली ठेवली. तटस्थ माणसाला दोन्ही बाजू आपला समजतात, असं मला वाटायचं. समजतात का, हे आता कुणाला विचारावं कळत नाही. या शहरात मला रोज भेटणारा माणूस एकच होता, आणि त्याला मी जिन्यावरून खाली पाठवलं.

हे वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

१२ ऑक्टोबर, रविवार.
बसने विडी घरकुलला, विडी कामगारांच्या वसाहतीत गेले. घर कुठलं हे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं, चार ठिकाणी विचारावं लागलं. गौरम्मा दारात विड्या वळत बसली होती. या मॅडम, म्हणाली. आत जाऊन खुर्ची आणली, चहा केला. समेटाचं सांगायला लागले तर तिला माहीत होतं. ताईंच्या बायकांना पेढे मिळाले होते. तिने घेतला नाही म्हणाली, शुगर हाय.

कप खाली ठेवला. काय बोलावं कळेना, म्हणून त्या सकाळचं सांगायला लागले. कुणी विचारलं नव्हतं. रिक्षा आली तेव्हा मी दारातच होते. वाकून मनगट धरलं. नाडी होती, मंद, पण होती. काउंटरवर जाऊन म्हणाले, पेशंट आत घेते. काउंटरवरचा म्हणाला, आधी डिपॉझिट. मी वाद घातला नाही. परत येऊन त्याचा हात धरला. त्याने डोळे उघडून विचारलं, बंदळा? तेवढं कानडी मला येतं. ती आली का? मी म्हणाले, येतेय, आलीच. दोनदा विचारलं त्याने. मग आतून मला हाक आली आणि मी हात सोडला. परत बाहेर आले तेव्हा नाडी लागत नव्हती. तुला यायला अजून पाच मिनिटं होती.

गौरम्माच्या हातातलं पान तसंच अर्धं गुंडाळलेलं राहिलं होतं. तो बोलला होता, हे तिला नऊ वर्षं माहीत नव्हतं. तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं, फक्त बंदळा म्हणाला तेवढं. मी सांगितलं.

मग म्हणाली, हे तितं सांगायचं होतं की.

रागाने नाही म्हणाली. दोरा दातात धरला, विडी बांधली, दुसरं पान घेतलं. ऊन ओसरेपर्यंत मी बसून होते. तिने जा म्हटलं नाही. बसा असंही म्हटलं नाही.