टीव्हीमागची पिन

बाबा,

रविवारी माजिवड्याला धाकट्याकडे जेवायला गेले होते. त्याची मुलगी भल्यामोठ्या टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळत होती. मी सवयीने टीव्हीखाली गेमचा डबा शोधला, तर डबाच नाही. "ताई, कन्सोलचे दिवस संपले आता," तो म्हणाला. "सगळं क्लाउडवर. गेम कुठेतरी लांबच्या मशीनवर चालतो, आपल्याकडे नेटवरून नुसतं चित्र येतं." माझ्या लेकाला ते पटेना. त्याचं म्हणणं, पीसी तो पीसी, स्वतःच्या हाताने खोलता येतो आणि नेट गेलं तरी अडत नाही. मामा-भाच्याची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, डबाच बरा. का बरा, ते कोणी विचारलं नाही.

आपला डबा तुम्ही विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजारातून आणला होतात, डोंबिवलीच्या त्या दीड खोलीत. आतून रिमोट निघाले दोन आणि खेळणारे आपण तिघं. एक तुमच्या हातात, दुसरा धाकट्याच्या. टीव्हीमागची पिन सैल होती, सोडली की चित्र जायचं. तुम्ही म्हणालात, "तू मोठी ना? जरा दाबून धर." ते 'जरा' दोन वर्षं चाललं. मी टीव्ही आणि भिंतीच्या मधे बसलेय, बोट पिनेवर, पडद्यावर काय चाललंय ते काही दिसत नाही. दिसता फक्त तुम्ही. ओठ चावता, वळण आलं की अख्खे कलता, हरलात की त्याच्या पाठीत धपाटा घालून हसता. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना तुम्ही कधी असे हसला नाहीत. मी जळायचे, बाबा. तो धपाटा मला हवा होता. कधीकधी मी मुद्दाम पिन हलवायचे. चित्र गेलं की तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि म्हणायचात, "अगं, नीट धर."

रविवारी जेवणं झाल्यावर धाकटा लेकीशेजारी खेळायला बसला. मधेच नेट अडखळलं, चित्र थिजलं. माझा हात आपोआप पुढे गेला, पण धरायला काही नव्हतंच. चित्र आपलं आपण परत आलं. त्याने मात्र माझा पुढे गेलेला हात पाहिला असावा. रिमोट खाली ठेवून म्हणाला, "ताई, बाबांबरोबर एवढा खेळलो, पण खेळताना बाबा कसे दिसायचे ते मला माहीतच नाही. माझे डोळे सगळे पडद्यावर. तू समोर असायचीस. कसे दिसायचे गं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला हवं असलेलं काहीतरी फक्त माझ्याकडे होतं. तो वाट बघत होता, लहान असताना बघायचा तशीच. मी म्हटलं, "आठवत नाही रे. अंधार असायचा तिथे."

हे पत्र खरं तर त्याच्याकडे जायला हवं. माजिवडा काही लांब नाही. पण घडी घालून माझ्याच कपाटात ठेवतेय. अजून थोडे दिवस तुम्ही माझ्या एकटीचे राहा.