पिठाच्या डब्यातलं पाकीट

प्रिय ब्लांका,

रविवारी फोन कट झाला नव्हता. मी ठेवला होता. तू म्हणालीस, "नोरीन, मेडिकलची ती जागा घ्यावी की नाही, विचार करतेय," आणि माझ्या हातात बटाटे सोलायची सुरी होती, म्हणून म्हटलं फोन ठेवलेला बरा. फोनवर मला ओरडता येतं, समजावता येत नाही. त्यातून तू मधे मधे बोलतेस. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. मी तेराव्या वर्षी शाळा सोडली हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसायचं नाही. तुमच्या चेक लोकांतला पाव्हेल उद्या विमानाने तुझ्या गावी, ओलोमोउत्सला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. पोस्टावर माझा विश्वास आहे, माझ्यावर नाही. का, ते पुढे येईल. कॉलेजला होकार कळवायची मुदत शुक्रवारची आहे आणि आज सोमवार, एवढं ध्यानात ठेवून वाच.

इकडे सगळं होतं तसंच आहे. वृद्धाश्रमात तुझ्या जागी आलेली मुलगी गोड आहे, पण मिस्टर हेगर्टींच्या पायात मोजे उलटे घालते. मी स्वयंपाकघरातून ताट नेलं की ते रोज मला ऐकवतात, "तुझा रस्सा पचवला इतकी वर्षं, पण उलटे मोजे नाही पचत. आपली पोरगी कधी येणार?" आपली म्हणे! पहिले सहा महिने तुला 'ती परदेशी' म्हणत होते. घरी तुझ्या सपाता दाराशीच आहेत. तू येण्याआधी चोपन्न वर्षं मी बूट घालून घरभर फिरले, आता सपाता घातल्याशिवाय मला चूल पेटवता येत नाही. खोड लावून गेलीस.

तुझ्या अर्जाचा तो हिवाळा आठवला की मला अजून दम लागतो. माझं स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे तुझी कचेरी झाली होती. तुझी रसायनशास्त्राची पदवी. ती खरी आहे हे सांगणारा कागद. ती आपल्याकडच्या पदवीच्या बरोबरीची आहे हे सांगणारा डब्लिनचा कागद. मग सगळ्याचं इंग्रजी, आणि इंग्रजी बरोबर आहे म्हणून शिक्का. मी म्हटलं होतं, "अगं, इतके शिक्के तर आमच्या पोपसाहेबांकडेही नसतील!" तू हसली नाहीस. तू तेव्हा कशालाच हसत नव्हतीस. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलायचीस, आंघोळी घालायचीस आणि बसमध्ये उभ्याने प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचीस. मी बघत होते. बोलले नाही, कारण बोलायला गेले की माझ्या तोंडून "आधी खा" एवढंच निघतं.

आता मार्चमधल्या त्या सोमवारचं सांगते. तुला दुहेरी ड्यूटी लागली होती. कागदांचं पाकीट तू माझ्याकडे दिलंस: पासपोर्टची झेरॉक्स काढून आत घाल, चिकटव आणि आजच टाक. शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजात पोचायला हवं, हे तीनदा सांगितलंस. मी झेरॉक्स काढली. आत घालताना तुझी गुणपत्रिका वर आली. मोठमोठे शब्द मी वाचत नाही, पण आकडे मला पटकन दिसतात. अर्जावर लिहिलं होतं, किमान २.१. तुझ्या गुणपत्रिकेवर तळाशी सरासरी, १.२. आणि वर ओळीने मार्क: एक, एक, एक, दोन, एक, एक.

ब्लांका, दोन टिंब एक हवेत आणि पोरीला एक टिंब दोन! मनात म्हटलं, हिला कुणी सांगितलंच नाही की काय? मला शाळेत एकदा गणितात वीसपैकी तीन पडले होते. सिस्टरनी तो कागद माझ्या पाठीवर टाचणीने लावून मला चार वर्गांतून फिरवलं. तेव्हापासून कमी मार्कांचा कागद दिसला की मला तो लपवावासा वाटतो, कुणाचाही असो. तुझाही मी लपवला. पाकीट पिठाच्या डब्यात, पिठाच्या पिशवीखाली. तू संध्याकाळी विचारलंस, "टाकलंस ना?" मी म्हटलं, "टाकलं." तू माझ्या गालाचा मुका घेतलास. त्या आठवड्यात माझा एकही पाव नीट फुगला नाही.

पकडलं मिस्टर हेगर्टींनी. पस्तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेला माणूस, त्यांना काय फसवणार! मंगळवारी विचारलं, "पोरीचं पाकीट रजिस्टर केलंस का?" केलं म्हटलं. बुधवारी, "पावती दाखव." घरी आहे म्हटलं. गुरुवारी, "घर काय चंद्रावर आहे?" शुक्रवारी दुपारी त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि हळू म्हणाले, "नोरीन, कुठाय ते?" मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालतील. ते म्हणाले, "मी लोकांच्या घरी मरणाच्या तारा नेल्या. नोकरी गेल्याची पत्रं नेली. हातात घेतल्यावर कळायचं आत काय आहे ते. पण पोचवावं की नाही, हे ठरवणं कधी माझं काम नव्हतं. तुझंही नाही. ऊठ."

मी उठले. घरी जाऊन पाकीट काढलं, पीठ झटकलं आणि दोन बस बदलून कॉलेजात गेले. कोटाखाली एप्रन तसाच होता. खिडकीत चष्मेवाली एक तरुण बाई सँडविच खात होती. साडेचार वाजून गेले होते. मी पाकीट तिच्या सँडविचवरच ठेवलं आणि म्हटलं, "हे बघा, या पोरीला १.२ आहेत, तुम्हाला २.१ हवेत, मला माहीत आहे, ते मला शिकवू नका. आता माझं ऐका. आमच्या हेगर्टींचा पाय काळा पडतोय हे डॉक्टरच्या आधी हिने ओळखलं. तो पाय आज शाबूत आहे आणि त्याच पायाने ते मला लाथ मारायची भाषा करतात. चौदा म्हाताऱ्यांपैकी कोण कुठल्या कुशीवर झोपतं, हे हिला पाठ आहे. तुमच्या त्या टिंबात हे कुठे बसतं, दाखवा!" मागे रांग होती. रांगेतलं कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

त्या बाईने गुणपत्रिका काढली. वरवर नाही, ब्लांका. बोट ठेवून, ओळ न ओळ, दोन्ही बाजू, सोबतचं इंग्रजी लावून वाचली. मी घड्याळाकडे बघत होते. मग चष्मा वर करून म्हणाली, "बाई, आमचं २.१ म्हणजे मार्क नाहीत, दुसऱ्या वर्गाची वरची पायरी. आणि यांच्याकडे एक म्हणजे सगळ्यात वरचा. चार म्हणजे नापास. आज सकाळपासून मी ढीगभर कागद तपासले, इतका चांगला निकाल एकाचाही नाही." मी म्हटलं, "मग आधी नाही का सांगायचं!" ती म्हणाली, "तुम्ही बोलू दिलंत का?" पाचला दहा मिनिटं असताना तिने शिक्का मारला आणि मला पोच दिली.

परतल्यावर मिस्टर हेगर्टींनी भिंग लावून ती पावती तपासली, तारीख आणि वेळ मोठ्याने वाचली आणि स्वतःच्या पाकिटात ठेवून दिली. म्हणाले, "पोरीला सांगायचं नाही." पाच महिने मी तोंड बंद ठेवलं. माझ्यासाठी हा विक्रम आहे.

मग रविवारी तू फोनवर म्हणालीस की बाहेरची पदवी त्यांना नीट कळली नसेल, तुझे मार्क कुणी वाचलेच नसतील, काहीतरी चुकून तुझं नाव यादीत आलं असेल, महिन्याभरात काढून टाकतील, त्यापेक्षा तिथल्या बिअरच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी बरी. तेव्हा मी फोन ठेवला. कारण तुझे मार्क वाचले गेले तेव्हा समोर मी उभी होते. चूक झाली हे खरं आहे. तुझ्या त्या कागदांपायी एका माणसाने भलीमोठी, मूर्ख चूक केली, आणि ते माणूस कॉलेजात नाही, इथे सपाता घालून बसलं आहे. हे तुला सांगायला माझ्या जिवावर आलं होतं. तू माझ्यावर हवी तितकी चीड, पण शुक्रवारच्या आत होकार कळवून मग चीड. सोबत ती पावती ठेवली आहे, चार वाजून पन्नास मिनिटांच्या शिक्क्याची. मिस्टर हेगर्टींनी उसनी दिली आहे आणि त्यांना ती परत हवी आहे. पोस्टाने चालणार नाही म्हणतात, तू स्वतः आणून द्यायची.

तुझीच,
नोरीन