चौदाव्या मजल्यावरचा चाकू

परळ,
९ सप्टेंबर २०२४

चि. राहुल यास,
नम्रताताईचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आपली खोली दहा बाय बारा. फोनवर तुला अण्णांबद्दल काही सांगायला घेतलं की मधेच अण्णाच उत्तर देतात. म्हणून हे ऑफिसातून, डबा उघडा ठेवून लिहितेय.

अण्णांचा घडीचा चाकू मोडला. गिरणीत कताईच्या रिंग खात्यात असताना रोलरला गुंडाळलेलं सूत कापायला घेतलेला, तोच. आई गेल्यापासून हा माणूस फळ स्वतःच्या हाताने कापल्याशिवाय खात नाही, आणि झटका आल्यापासून उजव्या हाताला तेवढाच व्यायाम. म्हटलं, नवा घेऊ. झालं! चार रविवार आम्ही चाकू घेतोय. गिरगावात अण्णांनी विचारलं, हा बनतो कुठे? दुकानदार म्हणाला, काका, वरून येतो. अण्णा म्हणाले, वरून पाऊस येतो, चाकू कोणीतरी बनवतं. लालबागच्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं की चायनाचा नाही. मग कुठला, तर म्हणे ते मालकाला माहीत, आणि मालक गावी. दादरला पाकिटावर पाच भाषांत ‘धारेपासून जपा’ छापलं होतं. गाव एकाही भाषेत नव्हतं.

मी वैतागून म्हटलं, अण्णा, गाव कळून करायचंय काय, सोयरीक जुळवायची आहे का? तर म्हणाले, जन्मभर लोकांनी मला गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवलं. मी माणसांना विचारत नाही, वस्तूंना विचारतो. कोणाची तरी रोजी बंद पाडून हा स्वस्त झालेला नाही ना, एवढंच कळू दे. हे ऐकून मी टॅक्सीला हात केला.

प्रितीला आणि मुलांना जयभीम. तुझी माया आहे तशी राहू दे, वाढवायला तुला वेळ नसतो हे ठाऊक आहे.

तुझी,
ताई


चिपळूण,
१७ सप्टेंबर २०२४

आदरणीय ताईस,
राहुलचा सप्रेम जयभीम.

काही चौकशी न करता तुझं नाव नम्रता ठेवणारा माणूस वस्तूंची चौकशी करतो हे वाचून हसलो. मग हसू गेलं. ताई, चार रविवार एका चाकूसाठी? हे वयाचं लक्षण आहे, दुसऱ्या कशाचं असलं तर लवकर कळलेलं बरं. त्यांना इकडे आणू या. खोलीचं काय ते नंतर बघू. तू दिवसभर ऑफिसात, ते एकटे. उद्या काही झालं तर? प्रिती तयार आहे. सारखे प्रश्न विचारतील, एवढीच तिला धास्ती आहे.

चाकू मी मोबाइलवरून मागवलाय, तुमच्या पत्त्यावर येईल. कुठे बनला ते तिथेही बघितलं. लिहिलंय, पाकीट पाहा. तू सरळ सांग, इथलाच आहे, आणि पाकीट फेकून दे.

काळजी घे, आणि धाकट्यावर लोभ असू दे, टोमणे कमी कर.

तुझा,
राहुल


परळ,
२६ सप्टेंबर २०२४

चि. राहुल,
सप्रेम जयभीम.

पाकीट फेकायला मी घरी हवी होते. पार्सल अण्णांनी घेतलं, भिंग लावून वाचलं. पाकीट वेबसाईट पाहा म्हणतं, तुझी वेबसाईट पाकीट पाहा म्हणते. दोघांचा संसार सुखाचा होवो. पण खाली बारीक अक्षरात एक पत्ता होता. आपल्या गिरणीचा, राहुल. गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर झालाय ना, त्यातला चौदावा मजला. त्या कंपनीचं ऑफिस.

दुसऱ्या दिवशी मी निघाल्यावर त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री केला, चाकू खिशात घातला आणि चालत गेटवर गेले. मला टॉवरच्या सिक्युरिटीचा फोन आला. म्हातारबाबा सांगतायत, मी इथे एकवीस वर्षं कामाला होतो, वर जायचंय. मी धावत गेले तोवर ते खाली बाकावर येऊन बसले होते. मी विचारलं, अण्णा, गिरणी सुरू झाली असं वाटलं का तुम्हाला? ते उठले आणि घराकडे चालू लागले. कशाला गेले होते ते अजून सांगितलेलं नाही.

तुझंच खरं. हरले मी. घेऊन जा त्यांना. पण हे त्यांना तू सांग, माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते, इथे नाही चालत.

माझ्यावर राग धरू नकोस, बाकी काही मागत नाही.

तुझी,
ताई


परळ,
३० सप्टेंबर २०२४

चि. राहुल यास,
अण्णांचा जयभीम व मंगल कामना.

नम्रता माझ्याशी चार दिवस हळू आणि गोड बोलते आहे. म्हणजे तुमचं ठरलं, हे मी समजलो.

गिरणी बंद झाली हे मला तुमच्या आधी ठाऊक आहे. मी तिथे उभा होतो. मी कामावर गेलो नव्हतो, चौकशीला गेलो होतो. गेटवर चाकू काढून घेतला, मग वर सोडलं. ज्यांचा माल त्यांच्याच दारात चालत नाही. वर एका मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, बाई, हा कुठे बनतो? तिने तिघांना विचारलं. एक म्हणाला बाहेरून येतो, दुसरा म्हणाला दर खेपेला वेगळीकडून. मग त्यांचे साहेब आले, तरुण, सभ्य. म्हणाले, काका, आम्ही बनवत नाही, नाव लावतो. मी म्हटलं, मग बनवणारे कोण? ते खरं बोलले, की हे आजवर कोणी विचारलं नाही, आणि त्यांनाही माहीत नाही.

आमच्या खात्यात सूत तुटलं तर कोणाच्या हातून तुटलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं. तिथे शे-दीडशे माणसं बसली होती, पंखे नाहीत, गारवा होता. एकालाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटे, दुकानदार उत्तर लपवतात. उत्तर कोणाकडेच नाही, हे तिथे कळलं. मग खाली येऊन बसलो. चाकू परत घेतला नाही.

तिकीट काढ. मी येतो. खोलीचं तुम्ही दोघं बघा. नम्रताला बोल लावू नकोस, तिने चार रविवार माझ्याबरोबर पायपीट केली.

प्रितीला सांग, प्रश्नांची धास्ती बाळगू नको. मी आता काही विचारणार नाही.

लोभ होता तेवढा पुरला.

तुझा,
अण्णा